एक वही, अनेक हात

मराठी आडनांवांची यादी ही एका जुन्या कचेरीची हजेरीपत्रिका आहे, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस, दफ्तरदार हीं आज केवळ आडनांवें उरलीं आहेत. परंतु एके काळीं तीं कामांचीं नांवें होतीं, आणि त्या प्रत्येक कामाचा मतलब मुळांत एवढाच, कीं कोणता कागद कोणाच्या हातीं राहावयाचा. चिटणिसानें पत्र लिहावें, फडणिसानें हिशेब राखावा, पोतनिसानें रोकड सांभाळावी. शिवकालीन किल्ल्यावर हवालदार, सरनोबत व सबनीस असे तिघे अधिकारी एकमेकांवर नजर ठेवीत. एकट्याच्या लहरीनें किल्ला शत्रूच्या स्वाधीन होऊं नये, हा त्यांतील हेतु. पत्र पुरें झालें म्हणजे त्यावर 'मोर्तब सुद' उमटे, दप्तरांत नोंद होई, आणि मग तो कागद रुमालांत बांधला जाई. पुण्याच्या पेशवे दप्तरांत असे हजारों रुमाल आजही मोडी वाचणाऱ्याची वाट पाहत पडले आहेत.

या व्यवस्थेंत एक गोष्ट इतकी गृहीत होती, कीं ती बोलून दाखविण्याचें कोणास कारण पडलें नाहीं. ती ही, कीं एका वेळीं एका कागदावर एकच हात असावयाचा. दुसऱ्याचा हात लागावयाचा तो पहिल्यानें आपला उचलल्यावर. कारकुनाचा अधिकार, त्याची जबाबदारी, त्याची फुशारकी आणि त्याची लांचलुचपतही याच एका नियमावर उभी होती. आज तो नियम मोडला आहे. पुण्यांतील एक लेखनिक, बंगळुरांतील दुसरा आणि शिकागोंतील तिसरा एकाच पानावर एकाच क्षणीं अक्षरें उमटवीत बसतात; एकाचें वाक्य पुरें होण्यापूर्वीं दुसरा त्यांतील शब्द खोडतो, आणि त्या खोडण्याचीही नोंद राहते. या बदलाचें वर्णन करतांना लोक बहुधा वेगाचें कौतुक करतात. आमच्या मतें वेग हा त्यांतील गौण भाग होय. वही कोणाची, हा प्रश्न त्यामुळें नव्यानें उपस्थित झाला आहे, आणि त्याचा मागील इतिहास पाहिल्याशिवाय आजच्या कचेरींत काय चाललें आहे हें नीट उमगावयाचें नाहीं.

इंग्रजी अमदानींत रुमालाची जागा फायलीनें घेतली. डावीकडे टिपणें आणि उजवीकडे पत्रव्यवहार, अशी ती सरकारी फाईल एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाई. खालच्यानें लिहावें, वरच्यानें त्यावर शेरा मारावा, आणि सर्वांत वरच्यानें केवळ सही करावी. हेंही एक सहकार्यच होतें, परंतु तें पालखीच्या भोयांसारखें नव्हे, तर निरोप्यांच्या टप्प्यांसारखें. अमेरिकेंत याच सुमारास कागद उभे लावून ठेवण्याची पद्धति निघाली, आणि तीं कपाटें १८९३ सालच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत लोकांपुढें मांडण्यांत आलीं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानें भरलेल्या सर्वधर्मपरिषदेंत स्वामी विवेकानंदांचें भाषण झालें, हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. कपाटाची गोष्ट मात्र कोणी सांगत नाहीं. तोंपर्यंत आलेलीं पत्रें घड्या घालून खणांत कोंबीत, आणि गेलेल्या पत्रांच्या नकला तारीखवार एका जाड वहींत उतरत. एका विषयाचे सर्व कागद एके ठिकाणीं मिळण्याची सोय त्या उभ्या कपाटानें प्रथम झाली. त्यास टंकयंत्राची व कार्बन कागदाची जोड मिळाली, आणि एका पत्राच्या चार प्रती चौघांच्या मेजांवर एकदम पडूं लागल्या. ई-मेलच्या माथ्यावर 'सी. सी.' हीं जीं दोन अक्षरें आपण रोज पाहतों, तीं त्या निळ्या-काळ्या कागदाचीच खूण होत. कागद गेला, बोटांवरचा डाग गेला, नांव मात्र राहिलें.

आपल्या देशांत सामायिक वहीचा पहिला मोठा अनुभव सामान्य माणसास आला, तो आगगाडीच्या तिकिटाच्या खिडकीशीं. ज्यांचें वय आज साठीच्या पुढें आहे त्यांस तो देखावा आठवत असेल. प्रत्येक गाडीची, प्रत्येक तारखेची जागा राखून ठेवण्याची वही निराळी. ती वही ज्या खिडकीमागें, त्या खिडकीपुढेंच त्या गाडीच्या उतारूंची रांग. कलकत्त्याच्या गाडीच्या खिडकीवर कारकून रिकामा बसला असला तरी मद्रासच्या गाडीच्या रांगेंतील मनुष्याचें काम तो करूं शकत नसे, कारण वही एकच आणि ती दुसऱ्या हाताखालीं. परतीची जागा हवी असल्यास पुढील स्टेशनास तार करावयाची व उत्तराची वाट पाहावयाची. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास दिल्लींत संगणकावर आरक्षणाचें काम सुरू झालें, मग तें मुंबई, मद्रास, कलकत्ता असें पसरलें, आणि कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचें तिकीट मिळूं लागलें. या सुधारणेचें मर्म यंत्राच्या हिशेबांत नव्हतें. गाड्यांतील बांके मोजण्यास यंत्र कशास पाहिजे? शंभर कारकुनांस एकच वही एकाच वेळीं उघडतां आली, आणि तरीही एक जागा दोघांस दिली गेली नाहीं, हें त्याचें मर्म. वही मोकळी झाली आणि वहीवाल्याची मिजास त्याच दिवशीं संपली.

परंतु ही मिजास म्हणजे केवळ मिजास नव्हती; तिच्या मागें पोटाचा प्रश्न होता. १९६० नंतरच्या दशकांत आयुर्विमा महामंडळानें मुंबईंत संगणक आणला आणि कलकत्त्यासही एक बसविण्याचें योजिलें, तेव्हां तेथील नोकरवर्गानें तें यंत्र इमारतींत येऊं नये म्हणून रात्रंदिवस पहारा ठेवला. या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं सरकारनें जी समिति नेमली, तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर हे होते. तिचा अहवाल १९७२ सालीं बाहेर पडला. बँकांत यंत्रें किती व कोठें बसवावीं याचा करार बँका व त्यांच्या नोकरांच्या संघटना यांच्यामध्यें १९८३ च्या सप्टेंबरांत झाला, आणि पुढील वर्षीं रंगराजन समितीनें आपला अहवाल दिला. पुढें जेव्हां संगणकाच्याच जोरावर लाखों मराठी मुलांमुलींस नोकऱ्या मिळाल्या, तेव्हां या जुन्या विरोधाची थट्टा करण्याची एक चाल पडली. आम्हांस ती थट्टा पटत नाहीं. नोकऱ्या सरसकट बुडतील हें त्या संघटनांचें भाकीत खोटें ठरलें हें खरें. पण यंत्रामुळें वांचलेला वेळ कोणाच्या पदरांत पडणार, हा जो प्रश्न त्यांनीं विचारला होता, तो चुकीचा नव्हता, आणि त्याचें उत्तर अद्यापि कोणी दिलेलें नाहीं.

आतां या कथेच्या मूळ पुरुषाकडे वळूं. डग्लस एंगलबार्ट हा १९२५ सालीं अमेरिकेच्या ऑरेगन प्रांतांत जन्मला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटीं तो आरमारांत रडारचा कारागीर होता, आणि युद्ध थांबतां थांबतां त्याची रवानगी फिलिपीन्स बेटांत झाली. तेथें लेते बेटावर रेड क्रॉसनें बांबूच्या एका झोंपडींत वाचनालय थाटलें होतें. त्यांत व्हॅनेव्हर बुश या शास्त्रज्ञाचा १९४५ च्या जुलैंत प्रसिद्ध झालेला एक लेख त्याच्या हातीं पडला. मनुष्यजातीचें ज्ञान इतकें वाढलें आहे, कीं तें शोधण्याचीं साधनें जुनीं पडलीं, यास्तव एका कागदापासून दुसऱ्या कागदाकडे विचाराच्या ओघानें जातां येईल असें मेज बनवावें, अशी कल्पना बुशनें त्यांत मांडली होती. ती या तरुणाच्या मनांत रुतून बसली. पुढें पांच वर्षांनीं, चांगली नोकरी असतांना व लग्न ठरलेलें असतांना, आयुष्याचें काय करावयाचें या चिंतेंत तो पडला. जगापुढील प्रश्न ज्या वेगानें गुंतागुंतीचे होत आहेत, त्या वेगानें माणसांची मिळून विचार करण्याची शक्ति वाढत नाहीं, तर ती वाढविण्याच्या कामीं आपण लागावें, असें त्यानें ठरविलें. हा निश्चय त्यानें मरेपर्यंत सोडला नाहीं.

१९६२ सालीं त्यानें स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत असतांना एक लांबलचक अहवाल लिहिला. त्यांतील एक प्रयोग आम्हांस फार मार्मिक वाटतो. त्यानें एका शिसपेन्सिलीस वीट बांधली आणि ती धरून लिहावयास लावलें. अर्थांत अक्षर वांकडें आलें व वेळ फार लागला. हें तर कोणीही सांगेल. पण एंगलबार्टचा कटाक्ष पुढें आहे. समजा, पेन्सिली निसर्गतःच विटेएवढ्या जड असत्या, तर मनुष्यानें कमी लिहिलें असतें, कमी खोडलें असतें, आणि म्हणून निराळा विचार केला असता. त्याचे कायदे, त्याचा व्यापार, त्याचीं शास्त्रें सर्वच निराळीं झालीं असतीं. साधन बदललें म्हणजे केवळ काम लवकर होतें असें नव्हे, तर कोणतें काम करावेंसें वाटेल हेंही बदलतें. ज्या मोडी लिपींत हात न उचलतां भराभर लिहितां येई तिच्या आश्रयानें वाढलेल्या मराठी दप्तराच्या वारसांस हा मुद्दा अधिक स्पष्ट करून सांगण्याची गरज नाहीं.

९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें संगणकशास्त्रज्ञांची परिषद भरली होती. सुमारें एक हजार श्रोत्यांपुढें एंगलबार्ट व्यासपीठावर एकटाच एका मेजाशीं बसला. त्या काळीं संगणक वापरणें म्हणजे काय, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. भोंकें पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा खिडकींतून आंत द्यावयाचा, आणि कांहीं तासांनीं, क्वचित् दुसऱ्या दिवशीं, छापलेलें उत्तर घेऊन जावयाचें. यंत्राशीं समोरासमोर बोलण्याचा प्रसंग फारच थोड्यांस येई. अशा लोकांपुढें या गृहस्थानें उजव्या हाताखालीं एक लहानशी डबी सरकवीत पडद्यावर एक ठिपका फिरविला. त्या डबीचा पहिला नमुना १९६४ च्या सुमारास त्याचा सहकारी बिल इंग्लिश यानें लांकडाचा केला होता. तिच्या पोटाखालीं एकमेकांस काटकोनांत दोन चाकें होतीं, आणि मागें निघालेल्या तारेमुळें तिला उंदीर हें नांव पडलें तें कायमचें. डाव्या हाताखालीं पांच कळांची एक पट्टी होती. त्या कळा पेटीच्या सुरांप्रमाणें एकत्र दाबून अक्षरें काढावयाचीं. मग त्यानें काय दाखविलें? बाजारांतून आणावयाच्या जिनसांची यादी! ती त्यानें लिहिली, तिचे वर्ग पाडले, वर्ग मिटवून पुन्हां उघडले, आणि घरीं जातांना कोणत्या दुकानावरून जावें याचा नकाशा काढला. एवढ्या विद्वानांपुढें केळीं व गाजरें मांडण्याचें हें धाडस आम्हांस फार आवडतें.

त्यानंतर खरें आश्चर्य झालें. तीसएक मैलांवरील मेन्लो पार्क येथील त्याच्या प्रयोगशाळेंत बसलेल्या सहकाऱ्याचा चेहरा पडद्याच्या एका कोपऱ्यांत दिसूं लागला, त्याचा आवाज ऐकूं येऊं लागला, आणि दोघे मिळून एकाच पानावर काम करूं लागले. एकाचा ठिपका येथून, दुसऱ्याचा तेथून. दीड तासाचा तो प्रयोग संपला तेव्हां श्रोते उभे राहून टाळ्या वाजवूं लागले. आज ज्यास आपण दूरस्थ सभा म्हणतों, सामायिक लेखन म्हणतों, एका पानावरून दुसऱ्या पानावर उडी मारणें म्हणतों, त्या सर्वांचा एकत्र असा तो पहिला जाहीर देखावा होता. पुढील वर्षाच्या २९ ऑक्टोबरास लॉस एंजेलिस येथील विद्यापीठांतून संगणकजालावरून जो पहिला निरोप गेला, तो याच संस्थेच्या यंत्राकडे. 'लॉगिन' हा शब्द पाठवावयाचा होता, पण दोन अक्षरें जातांच यंत्र बंद पडलें.

इतकें होऊनही या पुरुषाची पुढील हकीकत उदास करणारी आहे. त्याचे कांहीं हुशार सहकारी १९७० सालीं निघालेल्या झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेकडे गेले. सरकारी द्रव्य आटलें. १९७७ सालीं त्याची सर्व योजनाच एका व्यापारी कंपनीस विकण्यांत आली. उंदराचा हक्क त्याच्या संस्थेच्या नांवावर होता. त्यापासून त्यास स्वतःस कांहीं प्राप्ति झाली नाहीं. उतारवयांत त्याच्या छोट्या संस्थेस उंदीर बनविणाऱ्याच एका कंपनीनें आपल्या इमारतींत जागा दिली, हा त्यांतल्या त्यांत विनोद. मानसन्मान आले, १९९७ सालीं ट्युरिंग पारितोषिक मिळालें, पण त्याचें मूळ म्हणणें ऐकण्यास लोकांस सवड नव्हती. त्याचें म्हणणें असें, कीं साधन आणि तें वापरणाऱ्या मंडळीच्या चालीरीती हीं दोन्हीं बरोबरच बदललीं पाहिजेत. कांहीं माणसांनीं मेहनतीनें नव्या रीती शिकाव्या, त्यांवर काम करून पाहावें, आणि मग साधन पुन्हां सुधारावें. जगानें उंदीर घेतला, कारण तो कोणाही पोरास पांच मिनिटांत वापरतां येतो. पांच कळांची पट्टी टाकून दिली, कारण ती शिकावी लागते. तीन चाकी सोपी म्हणून मोठ्या माणसानेंही जन्मभर तीच चालवावी काय, असा तो विचारीत असे. २ जुलै १९१३ नव्हे, २ जुलै २०१३ रोजीं तो वारला. शतकाची चूक हातून सहज व्हावी, इतका तो आम्हांस जुन्या ऋषिवर्गांतला वाटतो. त्याच महिन्याच्या १४ तारखेस आपल्या देशांत सामान्य जनतेची शेवटची तार स्वीकारली गेली.

मधल्या काळांतील टप्पे थोडक्यांत सांगतों. १९७१ सालीं रे टॉमलिन्सन यानें एका यंत्रावरील मनुष्याचें पत्र दुसऱ्या यंत्रावरील मनुष्यास पाठविलें, आणि नांव व यंत्र यांमध्यें तें सुप्रसिद्ध वर्तुळांतील 'ए' घातलें. १९७९ सालीं डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनीं हिशेबाचा तक्ता यंत्रावर आणला. फळ्यावरील तक्त्यांत एक आंकडा चुकला तर पुढील सारे आंकडे पुसून पुन्हां लिहावे लागतात, हें वर्गांत बसून पाहतांना ब्रिकलिनला ती कल्पना सुचली होती. १९९५ सालीं वॉर्ड कनिंगहॅमनें कोणासही दुरुस्त करतां येईल असें पान काढलें व त्यास हवाई बेटांतील एका मोटारगाडीवरून 'विकी' हें नांव दिलें. दोघांनीं एकाच ओळींत एकाच क्षणीं फेरफार केला तर कोणाचा खरा मानावयाचा, हा मोठा अवघड प्रश्न. एकानें तिसरें अक्षर खोडलें आणि दुसऱ्यानें पांचव्या जागीं एक अक्षर घातलें, तर पहिल्याच्या दृष्टीनें ती पांचवी जागा आतां चौथी झालेली असते. यासाठीं प्रत्येक फेरफार दुसऱ्याच्या फेरफारानुसार सरकवून घ्यावा, ही युक्ति १९८९ सालीं एलिस व गिब्स यांनीं मांडली. सामान्य लोकांच्या हातीं ती आली २००५ च्या सुमारास. त्याच वर्षीं लिनस टोर्वाल्ड्सनें 'गिट' केलें, ज्यांत उलट प्रत्येकानें आपली स्वतंत्र नक्कल बाळगावी व मागाहून त्या जुळवाव्या, अशी रीत आहे. आज जगांतील बहुतेक आज्ञावली याच रीतीनें लिहिल्या जातात. कचेरींतील गप्पा आणि कामाचे निरोप एकत्र करणारें 'स्लॅक' हें तर एका फसलेल्या खेळाचें अपत्य. खेळ बनविणाऱ्या मंडळीनें आपसांत बोलण्यासाठीं तें केलें होतें. २०१२ सालीं खेळ बंद पडला, आणि बोलण्याचें साधन पुढें अब्जावधि डॉलरांस विकलें गेलें.

एवढीं साधनें झालीं, तर काम किती वाढलें? १९८७ सालीं रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रज्ञानें असें टोचून लिहिलें, कीं संगणकाचें युग सर्वत्र दिसतें, फक्त उत्पादकतेच्या आंकड्यांत तेवढें दिसत नाहीं. त्यास उत्तर म्हणून १९९० सालीं पॉल डेव्हिड या इतिहासकारानें विजेचा दाखला काढला, आणि तो इतका उद्बोधक आहे कीं त्यावर जरा थांबलें पाहिजे. एडिसनचें न्यूयॉर्कमधील वीजघर १८८२ सालचें. पण १९०० च्या सुमारास अमेरिकन कारखान्यांतील यंत्रें चालविणाऱ्या शक्तींत विजेचा वांटा शेंकडा पांचाच्या आसपासच होता. कारण काय? वाफेच्या काळीं एक अजस्र एंजिन, त्यानें फिरणारा छताखालचा लांबच लांब दांडा, आणि त्यावरून प्रत्येक यंत्रास उतरलेले पट्टे, अशी मांडणी असे. दांडा जितका लांब तितकी शक्ति वायां जाई, म्हणून कारखाने मजल्यावर मजले रचून एंजिनाभोंवतीं दाटीनें बांधीत. वीज आली तेव्हां मालकांनीं एंजिन काढून त्या जागीं एक मोठी मोटर बसविली. दांडा तोच, पट्टे तेच, इमारत तीच. मग लाभ व्हावा कसा? प्रत्येक यंत्रास आपापली लहान मोटर द्यावी, म्हणजे यंत्रें दांड्याच्या सोयीनें न मांडतां कामाच्या ओघानें मांडतां येतील, इमारत एकमजली व उजेडाची करतां येईल, हें सुचून अंमलांत येण्यास एक पिढी गेली. १९२० नंतरच्या दशकांत जेव्हां उत्पादन झपाट्यानें वाढलें, तेव्हां कोठें विजेचें नांव झालें.

मुंबईच्या गिरणगांवास ही कथा परकी नाहीं. १९१५ सालीं खोपोलीच्या जलविद्युत्केंद्राची वीज बोरघाटाखालून मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. गिरणीचा मजला, तो डोक्यावर गरगरणारा दांडा आणि ते पट्टे ज्यांनीं पाहिले असतील, त्यांस डेव्हिडचें म्हणणें एका वाक्यांत कळेल. आपल्या कचेऱ्यांत आजही दांडा तोच आहे आणि त्याला मोटर नवी लावली आहे. ज्या कागदास पूर्वीं सात सह्या लागत, त्यास आतां पडद्यावर सात सह्या लागतात. ज्या सभेस पूर्वीं दहा माणसें खोलींत कोंडलीं जात, त्याच सभेस आतां चाळीस माणसें आपापल्या घरांतून कोंडलीं जातात. अमेरिकेंतील उत्पादकता १९९५ नंतर दहाएक वर्षें खरोखरच जोरानें वाढली, आणि २००५ च्या सुमारास पुन्हां मंदावली. म्हणजे एकाच पानावर अनेकांनीं लिहिण्याचें साधन सर्वांच्या हातीं आलें, नेमक्या त्याच सुमारास आंकडा खालीं उतरला! यावरून एकानें दुसरें घडविलें असें आम्ही म्हणत नाहीं. इतकी घाई इतिहासांत करूं नये. पण साधनाच्या जाहिरातींत जो आत्मविश्वास असतो, तो मात्र या आंकड्यांस धरून नाहीं.

मग २०२० सालीं महामारी आली, आणि एंगलबार्टच्या त्या दीड तासाच्या प्रयोगांत सारें जग एकदम सक्तीनें बसविलें गेलें. 'झूम' या एकाच साधनावरील सभांत रोज भाग घेणाऱ्यांची संख्या २०१९ च्या डिसेंबरांत एक कोटि होती, ती २०२० च्या एप्रिलांत तीस कोटींवर गेली. दिवाणखान्यांतील देवघराचा कोपरा कचेरी झाला, आणि मुलांची शाळा, आईची नोकरी व आजोबांचें औषध एकाच खोलींत नांदूं लागलें. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ६१ हजारांहून अधिक नोकरांच्या कामाची त्या सहा महिन्यांची पाहणी २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें आढळलें, कीं लोक आपल्या जवळच्या मंडळींत अधिक घट्ट बांधले गेले, आणि दूरच्या विभागांशीं असलेले त्यांचे सैल पण उपयोगी धागे कमी झाले. सर्व जगाशीं जोडणारें साधन हातीं आल्यावर माणूस आपल्याच ओटीवर अधिक रमला, हें गमतीचें आहे.

याच्या पूर्वींचा शांघायचा एक प्रयोग मात्र या विषयांत आम्हांस सर्वांत बोलका वाटतो. तेथील एका मोठ्या प्रवासी कंपनीनें आपल्या दूरध्वनीवर उत्तरें देणाऱ्या नोकरांपैकीं स्वखुषीनें पुढें आलेल्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एक नऊ महिने घरून काम करी, दुसरा कचेरींतून. निकोलस ब्लूम व त्याचे सहकारी यांनीं २०१५ सालीं याचा निष्कर्ष छापला. घरून काम करणाऱ्यांचें काम शेंकडा १३ नें वाढलें. वर्तमानपत्रांनीं तेवढा आंकडा उचलला. पण त्या तेरांपैकीं सुमारें नऊ हे केवळ अधिक मिनिटें काम केल्यामुळें आले होते. मधली विश्रांति कमी, आजारपणाच्या रजा कमी. उरलेले चार शांततेमुळें. कलकत्त्यास पहारा देणाऱ्या कारकुनांचा जुना प्रश्न येथें पुन्हां दारांत उभा राहतो. वांचलेला प्रवासाचा वेळ कोणाकडे गेला, तें या हिशेबांत लख्ख दिसतें. आणि प्रयोग संपल्यावर सुमारें निम्म्या लोकांनीं पुन्हां कचेरींत येणें पत्करलें; एकटेपण सोसवेना, असें त्यांचें म्हणणें पडलें.

लक्ष विचलित होण्याचा प्रकार तर विचारूंच नये. कॅलिफोर्नियांतील ग्लोरिया मार्क या विदुषीनें लोक पडद्यावरील एका कामावर किती वेळ टिकतात हें वर्षानुवर्षें मोजलें. २००४ च्या सुमारास सरासरी अडीच मिनिटें. अलीकडच्या मोजणींत ४७ सेकंद. वही सर्वांची झाली म्हणजे ती कोणासही, केव्हांही, आपल्यापुढें उघडून धरतां येते, त्याचें हें फळ. जुन्या फडणिसापाशीं जाण्यास वाट होती, वाटेंत पहारेकरी होता, आणि दुपारीं त्याची वामकुक्षी होती.

आतां वहींत एक नवा हात शिरला आहे, आणि तो माणसाचा नाहीं. ब्रिन्योल्फसन, ली व रेमंड यांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत गिऱ्हाइकांच्या तक्रारी निवारणाऱ्या पांच हजारांहून अधिक नोकरांस एक यंत्र देण्यांत आलें होतें. संभाषण चालू असतांना तें यंत्र कानांत कुजबुजावें तसें पुढील उत्तर सुचवी. सरासरी काम शेंकडा चौदाएक वाढलें; पण नवशिक्यांचें तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि जे मुरलेले होते त्यांचें जवळजवळ नाहींच. याचें कारण उघड आहे. यंत्र जें सुचवीत होतें, तें त्या मुरलेल्यांच्याच जुन्या संभाषणांतून शिकलेलें होतें. मुरलेल्यांनीं कमावलेली हातोटी नवख्यास लवकर मिळाली, ही नवख्याच्या दृष्टीनें मोठी सोय झाली, आणि गिऱ्हाइकाच्याही.

ते नोकर बहुतांशीं फिलिपीन्समधले होते, म्हणजे ज्या देशांतील बांबूच्या झोंपडींत एका तरुणानें माणसांनीं मिळून विचार कसा करावा याचें स्वप्न पाहिलें, त्याच देशांतले. पेशवाईंत फडणिशीचें वतन असे. लेखणीबद्दल पिढ्यान्‌पिढ्या कांहीं हक्क चालत. या मुरलेल्या नोकरांच्या बोलण्यानें यंत्र शहाणें झालें, त्यांस त्याबद्दल काय मिळावें, हा प्रश्न त्या अभ्यासकांनींही आपल्या निबंधांत विचारून ठेवला आहे.